लाल झबलं

सदर बाजारात भाचीसाठी झबलं घेताना ते आजोबा मला एकदाच भेटले. शर्ट पांढरा, पण बाहीवर लाल, निळे, हिरवे डाग. दुकानदाराने लाल झबलं दाखवताच त्यांनी त्याचं टोक बाटलीतल्या पाण्याने ओलं करून बाहीवर घासलं. आणखी एक डाग पडला.

"अंकलजी, लेबल देखिए. कलर की केमिकल टेस्टिंग हुई है," दुकानदार म्हणाला.

"हव, दिसून राहिलं. पण आमची नात झबलं घालते कमी, चघळते जास्त. घ्या, तुम्हीच चावून दाखवा."

दुकानदाराने ते टोक ओठांपर्यंत नेलं, थांबला आणि हळूच म्हणाला, "सफेद दिखाऊँ?"

तपासणीचे सरकारी नियम असतीलच. मी मात्र आता कपड्याआधी दुकानदाराचं तोंड बघते.