शिमग्याला बंदीच्या हद्दीत दिसलेली होडी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आता तुम्ही माझी केलीत तर बोलायला तोंड नाही...

समुद्रात तेल-वायू शोधणाऱ्या एका कंपनीच्या सर्वे जहाजासोबत राखणीची बोट असायची, तिच्यावर मी कामाला होतो. सर्वेच्या हद्दीत मासेमारी बंद. कोणी शिरलं की होडीचा नंबर लिहायचा, सही ठोकायची, रिपोर्ट पाठवायचा. आणि तात्याची पिढीजात मासळीची जागा नेमकी त्याच हद्दीत! तात्या म्हणजे माझा थोरला चुलता, रोह्याजवळ अष्टमी गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी राहायचा. दोन मोसम त्याला तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

शिमग्याला आम्हा कोळ्यांची एकही होडी समुद्रात नसते. म्हणूनच कंपनीने सर्वेला ते दिवस धरले. दुपारी दोनला, लख्ख उन्हात, हद्दीच्या मधोमध होडी! दुर्बीण लावली — तात्याचीच. मी रंगवलेला निळा पट्टा, नंबर, आणि जाळं ओढणारा तात्या. आमच्या बोटीचा कॅप्टन केरळचा, त्यानेही पाहिली. नंबर लिहायला मान खाली घातली, वर केली... पाणी मोकळं!

कॅप्टन म्हणाला, दिसली म्हणजे लिहायची. मीही तणतणत सही केली. म्हातारा ऐकत नाय म्हणजे नायच!

घरी येऊन बघतो तर होडी किनाऱ्यावर उपडी. तळाची फळी शिमग्याच्या आठवडाभर आधीच पेणच्या सुताराकडे गेलेली.

त्या रिपोर्टावरून तात्याचा परवाना मोसमभर बंद झाला. परवान्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या, सुतारालाही नेलं. साहेबांचं एकच, "सही तुमची ना? मग खोटा रिपोर्ट दिलात का?" मी म्हटलं, अहो, बुडाला भोक असलेली होडी समुद्रात जाईल कशी? "फळी नंतरही काढता येते." डोकं आपटावंसं वाटलं!

तात्याच्या पाया पडलो. तो शिव्या घालेल वाटलं होतं. हातातलं जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "मना बगितलास? त्याच जाग्याव?"

"व्हय तात्या."

"मंग जाल्यान काय गावला रं?"

मला रडूच फुटलं. त्या पावसाळ्यात तात्या गेला, होडी परत पाण्यात उतरली नाही. कॅप्टनला अजून फोन करतो. तोही म्हणतो, पाहिली होती. कशी, ते त्यालाही सांगता येत नाही, मलाही नाही.

आणि तात्याला तरी काय सांगणार होतो? जाळं वर यायच्या वेळेला मी मान खाली घालून नंबर लिहीत होतो.