काचेमागची करकर

अन्याय झाला तो पॅसिफिकमधल्या एका बेटाच्या मधाळ रंगाच्या, नखाएवढ्या गोगलगायींवर, आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताईंवर. केव्हा? गेल्या जानेवारीत, जर्मनीत हॅनोव्हरला बर्फ पडला त्या शनिवारी. कुणी केला? विचारा आमच्या संशोधन संस्थेत. सगळे खिडकीकडे बोट दाखवतात.

ताईंचं बोट मात्र कायम ओठांवर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताई नागपूरच्या, इथे संशोधक. मी त्याच मजल्यावर शिकते. पहिल्या दिवशी मी दणक्यात "जय भीम, ताई!" म्हटलं.

"जय भीम. हळू गं. त्या जेवतायत."

"त्यांना कान असतात?"

"नसतात. तुला आहेत ना? ऐक."

मी श्वास धरला. काचेच्या पेटीतून आवाज येत होता, कुणी आतून नखाने कागद खरवडावा तसा. शेवाळ खरडणाऱ्या जिभा.

ह्या अंडी घालत नाहीत. एका वेळी एकच पिल्लू, जन्मतःच शंखासकट. माणसांनी त्यांच्या बेटावर एक परकी गोगलगाय आणली, तिथे माजलेल्या दुसऱ्या परक्या गोगलगायीला खायला. तिने ह्यांनाच खाल्लं. ह्याला चूक म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मी त्याला कत्तल म्हणते.

मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी ताईंना टोमणा मारला, "तुम्ही म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय!"

"गेनाऊ!" ताई जर्मनमध्ये म्हणाल्या. "अगदी बरोबर. पण एकच पाय हं."

बुद्धाला ऊन लागू नये म्हणून गोगलगायी त्याच्या मस्तकावर चढल्या, ही कथा मी त्यांना सांगितली. "थापा," त्या म्हणाल्या. मग पेटीवर पाणी फवारता फवारता, "पण चढल्या असत्या."

खर्च वाचवायला संस्थेने गोगलगायींची उबदार खोली बंद केली. पेटी साध्या ऑफिसात आली. इथे कडाक्याच्या थंडीतही खिडक्या सताड उघडून हवा बदलतात, तो घरोघरचा धर्म आहे. ताईंनी खिडकीवर चिठ्ठी लावली, 'उघडू नका.' ती डाव्या तावदानावर होती. नियमाने चालणाऱ्या कुणीतरी त्या शनिवारी उजवं उघडलं.

सोमवारी सगळ्याजणी काचेला चिकटून, शंखात आत, गप्प.

ताई तरी पाणी फवारत राहिल्या. काचेला कान लावून बसायच्या.

"येतंय ऐकू?"

"नाही, ताई."

"मला येतंय."

लोक जिन्यात कुजबुजायचे. ताईंचा करार संपला, तो कुणी वाढवला नाही. निघताना त्यांनी फवाऱ्याची बाटली माझ्या हातात दिली. "पाणी मारत जा. आणि खिडकी बघ."

मी मारत होते, निव्वळ शब्द दिला म्हणून. काच हिरवी झाली. मागच्या आठवड्यात त्या हिरव्यात एक ताजी, नागमोडी, स्वच्छ रेघ दिसली. केसाएवढी बारीक. रेघेच्या टोकाला कुणीच नव्हतं. मी कान लावला. खोलीत मी एकटी होते, आणि काचेमागे कुणीतरी खरवडत होतं.

"मेलेल्या आहेत सगळ्या," संस्था म्हणते. शुक्रवारी पेटी कचऱ्यात जाणार आहे. काल गेले तर उजवं तावदान पुन्हा उघडं.

मी एकटी पुरी पडणार नाही. हॅनोव्हरमध्ये असाल तर शुक्रवारच्या आत या. दारात बोट ओठांवर ठेवा, काचेला कान लावा. ऐकू आलं नाही तरी पेटी उचलू देऊ नका.

आणि आधी खिडकी लावा. दोन्ही तावदानं.