मान खाली, कान मैदानावर

"आजी, उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. ऑपरेशन उद्याच करावं लागेल," अकोल्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. थेंब घालून घालून माझ्यासमोर सगळं पांढरं झालेलं. आणि मी विचारते काय, तर "नातीची मॅच झाल्यावर केलं तर नाही चालणार का?" वैशालीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, मला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

या आजाराला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पातळ पापुद्रा असतो, त्याच्यामुळे आपल्याला दिसतं. भिंतीचा पोपडा सुटावा तसा तो सुटतो. दुखत मात्र नाही, तिथंच माणूस फसतो.

मला आठ दिवसांपासून डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी दिसत होती. मग काळे ठिपके, माशा उडाव्यात तसे. मी गुलाबपाणी टाकलं आणि सोयाबीन काढणाऱ्या बायांच्या भाकरी थापत बसले. नाकाच्या बाजूनं काळी सावली चढून आली, समोरच्या माणसाचं तोंड दिसेना, तेव्हा कुठं लेकाला सांगितलं. तुम्ही असं करू नका, बायांनो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला चिकट द्रव काढून गॅसचा बुडबुडा भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो. पण गॅस वर जातो ना, म्हणून माणसानं तोंड खाली ठेवायचं.

"रात्रंदिवस पालथं राहायचं," मॅडमनी बजावलं. "जेवायला, बाथरूमला उठलात तरी मान खालीच. पडदा पुन्हा सुटला, तर पुढची खात्री मी देणार नाही."

गावाकडं, इंझोरीला घरी नेलं तर ही बाई चुलीपाशी जाईल, हे त्यांनी ओळखलं असावं. पाच दिवस ठेवून घेतलं.

पालथं पडून पाहायला काय, तर फरशी. चपलांवरून नर्स ओळखू यायला लागल्या. छाती दुखे, मान आखडे, आणि मनात एकच घोकणी: दिसेल का? नाही दिसलं तर?

तिसऱ्या दिवशी मॅच होती. माझी नात आर्या नववीत आहे, शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळते. सामना वाशिमला. तिथं मैदानावर नेट रडतं, चित्र जात नाही, म्हणून शाळेचे भूगोलाचे तायडे सर मोबाइलवरून नुसता आवाज थेट सोडतात. बाहेरगावी कामाला गेलेले मायबाप असतील तिथून ऐकतात. मला तर डोळ्याचं काम नसलेली ती मॅच देवानंच पाठवल्यासारखी वाटली. वैशालीनं फोन माझ्या उशीखाली सरकवला.

"नमस्कार मंडळी! तायडे बोलून राह्यलो. ऊन लय हाये, गवत नावाले बी नाही, पण पोट्ट्या जोरात हायेत!"

शेवटची काही मिनिटं उरली तरी गोल नव्हता. मग सरांचा आवाज चढला. "आर्या निघाली... एकीले मागं टाकलं... दुसरीले बी... पास भेटला... अन् गोऽऽल!"

आमच्याकडं आनंदाची बातमी आली की आधी तोंडात साखर. वैशालीनं चहासाठी आणलेल्या साखरेच्या पुडीतली चिमूट उचलली. "आई, आ करा!" आणि मी शहाणी, चेहरा सरळ छताकडं करून आ केला.

जिभेवर साखर पडली आणि डोळ्यात काहीतरी डुचमळलं. मी धाडकन पालथी झाले.

"थांबा मंडळी, थांबा," फोनमधून सर म्हणाले. "पंचानं शिट्टी मारली. ऑफसाइड. पास यायच्या आधीच पोरगी सगळ्यांच्या पुढं गेली म्हणते. गोल रद्द." पुढं समोरच्यांनी एक मारला. हरलो.

पण मला कुठली हार-जीत! वैशाली पांढरीफटक. "आई, मॅडमले नका सांगू. त्या मले खाऊन टाकतीन."

"अन् माह्या डोळ्याचं काय झालं, ते कोण पाहीन?"

संध्याकाळी आर्याचा फोन आला. रडत होती. "आजी, मी लवकर पळाली वं."

"मी बी लवकरच मान वर केली, बाई," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही.

सकाळी पट्टी काढायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. मॅडम कितीतरी वेळ उजेड टाकून पाहत राहिल्या.

"पडदा जागेवर आहे," त्या म्हणाल्या. माझ्या मागं वैशालीला हुंदका फुटला. "क्षणभरानं काही बिघडलं नाही, पण पुन्हा करू नका. एक सांगते, आजी. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, त्यानं आपण अक्षरं वाचतो. तो ऑपरेशनच्या आधीच सुटला होता. तुम्ही लवकर आला असतात तर तो वाचला असता. या डोळ्यानं अक्षरं दिसतील असं मी म्हणणार नाही."

म्हणजे साखरेनं नाही, माझ्या गुलाबपाण्यानं घात केला. वैशालीचा हात धरून मी तिला तेवढंच सांगितलं, की तुझी चूक नव्हती.

मॅडमचे आणि त्या नर्सबाईंचे उपकार आहेतच. तायडे सरांचेही मानते. फरशीकडं तोंड करून पडलेल्या बाईला त्यांनी तासभर वाशिमच्या उन्हात नेऊन उभं केलं होतं.

आता बुडबुडा विरत आलाय. रोज सकाळी आर्या माझा चांगला डोळा झाकते आणि समोर बोटं धरते.

"किती, आजी?"

"तीन."

"दोन हायेत."

"हाये ना काहीतरी," मी म्हणते. "उद्या पुन्हा धर."