मातामायला बोललेला शाकाहार

आमचे तर्रीमामा मटणाच्या रश्श्यावर तरंगणारं लाल तेल, म्हणजे तर्री, वाटीत काढून चहासारखे भुरके मारत प्यायचे. मिशीला लागलेलं बोटानं पुसून तेही चाटायचे. चंद्रपूर जिल्ह्यात, मूल शहराच्या पुढं, जंगलाला लागून आमचं गाव. तिथं कुणाकडं बकरा पडला की पहिलं बोलावणं मामांना, आणि ते चुलीपाशी असले की इतरांनी तिकडं फिरकायचं नाही. हा माणूस शाकाहारी झाला, असं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दूर नोकरीच्या गावी क्वार्टरमध्ये जेवत होतो. घास हातातच राहिला. म्हटलं, "तब्येत बरी हाय ना त्यायची?"

तब्येत बिघडली होती मामींची. चंद्रपूरला पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टर धड काही सांगेनात. मामांची पाचावर धारण बसली. दवाखान्याच्या व्हरांड्यात गावाच्या दिशेला तोंड करून त्यांनी हात जोडले आणि गावदेवीला, आमच्या मातामायला, बोलून टाकलं, "माय, इले वाचव. म्या जलमभर मटण-मासोळी शिवत नाई." मामी वाचल्या. पुढं मी मामांना म्हटलं, "दुसरं काई सोडाचं होतं ना!" ते भडकलेच. "का सोडू? दारू पेत नाई, बिडी ओढत नाई. आवडीचं येकच तं होतं बाप्पा माह्यापाशी!"

बोलून गेले खरे, पण निभवायचं कसं? पालाभाजी बकऱ्यानं खायची आणि बकरा आपण, एवढंच मामांना ठाऊक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेवग्याची शेंग नळीसारखी ताटात आपटून आपटून चोखली. बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्यात बोटं घालून हाडूक शोधलं. हाडकांच्या आशेनं दारात बसणारं त्यांचं कुत्रं थोडे दिवस वाट पाहून शेजाऱ्याकडं राहायला गेलं. मामा कुंपणावरून त्याला शिव्या घालायचे, "बेइमान! भाजी खाल्ली तं वळख नाई देत का बे?"

मग पळवाटा सुरू झाल्या. डॉक्टरांनी मामींना कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितला होता. एका दुपारी मामांनी हळूच वरची तर्री वाटीत ओढली. "फोडी तुह्या. हे तं जवसाचं तेल होय. तेलाले का जीव असते?" दोन भुरके मारले असतील नसतील, मामींना ठसका लागला. साधा तिखटाचा ठसका! पण मामा पांढरेफटक पडले. वाटी फेकली आणि अनवाणीच मातामायच्या ओट्याकडं पळत सुटले. तिथं इतकं नाक घासलं की चार दिवस नाकावर खपली होती. त्यानंतर मात्र चुकूनही नाही. पावसाळ्यात सात्या निघाल्या, वारुळावरच्या अळिंब्या, तरी ताट सरकवून दिलं. "लागते मटनावानी. मायले वाटंल, फसवून राह्यला."

खरी पंचाईत त्या पावसाळ्याच्या तोंडावरच, पेरणीआधीच्या पूजेला झाली होती. आमची मातामाय स्वतः पक्की मटणवाली. तिला बकरा लागतो, आणि प्रसादाचा वाटा ज्याचा त्यानं खायचाच, नाही तर मायचा कोप. म्हणजे मामांनी खाल्लं तर नवस मोडणार, नाही खाल्लं तर माय कोपणार, आणि दोन्हीकडून जीव जाणार मामींचा! पुजारी सकरूभाऊ डोकं धरून बसले. "काऊन रे, दुसरी देवी नाई भेटली तुले? बकरा खानाऱ्या मायले कोनी शाकाहार बोलते का?"

"घाबरलो होतो भाऊ! जी आठवली तिले बोललो!" म्हणत मामा सगळ्या गावासमोर ढसाढसा रडले.

कुणी म्हणालं, नुसता वास घे. कुणी म्हणालं, यंदा मायलाच पाटोडी चढवू; त्याच्या अंगावर बायका धावून गेल्या. तेवढ्यात मामी उठल्या, अजून वाकूनच चालत होत्या, आणि मामांच्या पत्रावळीवरचा वाटा त्यांनी आपल्या पत्रावळीवर ओतून घेतला. "जीव माहा, नवस माह्यासाठी. मंग ह्यायचा वाटा मीच खातो. नवरा-बायकोचं पोट मायले येकच." सकरूभाऊंनी जरा विचार केला आणि मान डोलावली.

तेव्हापासून दरवर्षी तसंच. स्वयंपाक मामांचाच, न चाखता, वासावर. पंगतीत मामी दोन वाटे खायच्या आणि मामा पाटोडी मोडत विचारायचे, "मीठ बराबर हाय ना?" मामी म्हणायच्या, "हाय ना जी, खा गुमान." बायकोवर इतकी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गावात त्याला येडेपणा म्हणत, मीही म्हणत होतो.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. यंदाच्या पूजेला मी मुद्दाम गेलो. सकरूभाऊंनी मामींच्या पत्रावळीवर एक वाटा वाढला आणि ते पुढं सरकले.

"दुसरा कुठी हाय?" मामींनी विचारलं.

सकरूभाऊ चाचरले. "बाई, आता... भाऊ तं..."

"थे गेले. त्यायचा नवस थोडी गेला? वाढा!"

त्यांनी वाढलं. मामींना दात उरलेले नाहीत, भूकही नाही. रस्सा नव्या पोरांनी केलेला, अगदी अळणी. तरी मामी डोळे पुसत एकेक फोड चघळत राहिल्या, आणि दोन्ही वाटे संपेपर्यंत पंगतीतलं कुणी उठलं नाही.