अक्कांची धुलाई

कुणी ‘पोचलो’ म्हटलं की साऱ्या जगाचं समाधान होतं. आमच्या साडूंचं कुतूहल मात्र तिथं सुरू व्हायचं. होटगीहून आलेल्या पाहुण्यानं अजून चपलाही काढलेल्या नसत, तोवर यांचा प्रश्न तयार असे, “फलाटावर नेमकं कुठं उतरलात?” पाहुणा बिचारा आठवून सांगे, “नळापाशी.” मग यांचा चेहरा खुले आणि पाहुण्याला पाणी मिळे.

सत्तरच्या दशकात ते सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्कांची, बोटं तेव्हा सांध्यांत सुजू लागली होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी अक्कांनी गिळली. घशात अडकली ती साडूंच्या. सूज उतरवणारं हे औषध पेशीत जाऊन नेमकं कुठं चिकटतं? ते कळलं तर याहून चांगलं औषध करता येईल, अक्कांची बोटं वाकायच्या आत. मग त्यांनी औषधाच्या रेणूला चमकणाऱ्या रंगाचं शेपूट जोडलं, स्वतःच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर ते सोडलं आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिथं निळं चमकेल, तिथं औषध.

“कुठं दुखतंय ते मी सांगते की,” अक्का म्हणत, “गोळीला कशाला विचारायला पायजे?”

साडूंचा विकतच्या गाळणकागदावर विश्वास नव्हता. चहा, ताक, चुन्याची निवळी, सगळं अक्कांनी धुतलेल्या धोतराच्या तुकड्यातून गाळलं तरच शुद्ध. पेशी धुवायचं मिठाचं पाणीही त्यातूनच. आणि बोटं दुखत असली तरी अक्का शेजारच्या रंगाच्या कारखान्यातली पांढरेपणाची पावडर घालून कपडे असे धूत, की दोरीवर वाळत असताना त्यांच्याकडे बघवत नसे.

एके दिवशी पेशी चमकल्या. प्राचार्यांनी ताबडतोब हार, शाल आणि प्रमुख पाहुणे मागवले, बहुधा एकाच दुकानातून. पाहुण्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, “लई भारी!” म्हणाले, टाळ्या झाल्या. शाल उघडली गेली, तेवढ्यात साडू म्हणाले, “थांबा. बिनऔषधाच्या पेशी बघायच्या राहिल्यात.”

त्याही तितक्याच चमकल्या. मग साडूंनी मिठाचं पाणी गाळायचा तो धोतराचा तुकडा खिशातून काढून अतिनील दिव्याखाली धरला. अक्कांची पावडर त्यात चमकली आणि सगळी खोली निळसर उजळली.

“साहेब, हे औषध नव्हे,” ते म्हणाले. “ही आमच्या घरची धुलाई आहे.”

“आधी शाल तरी घ्यायचीत!” प्राचार्य पुटपुटले. पुढच्या सत्रात त्या खोलीत खेळाचं सामान आलं.

“माझ्यामुळं झालं का हो?” अक्कांनी विचारलं.

“छे! तुझ्याइतकं पांढरं कुणी धूत नाही, एवढं सिद्ध झालं की.”

अक्कांची बोटं वाकायची ती वाकलीच. धुणं साडूंकडे आलं आणि घरातले कपडे पुन्हा कधी तसे पांढरे निघाले नाहीत. रोज संध्याकाळी ते अक्कांच्या तळहातावर गोळी ठेवत आणि पाण्याचं भांडं हातात धरून उभे राहत.

“पोचली की,” अक्का हसून म्हणत. गोळी अजून तळहातावरच असे.

कुठं, असं मात्र साडूंनी कधी विचारलं नाही.