रिकाम्या काट्यावरचं वजन

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमचं घर बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, असलं काही बाबांनी घरात शिरूच दिलं नाही. त्यात मी डायलिसिस टेक्निशियन. मशीन, नळ्या, आकडे... एवढंच माझं जग. स्वभाव तापट आहे, हेही कबूल करतो.

गडचिरोलीतल्या आमच्या युनिटमध्ये धानोऱ्याकडच्या एका खेड्यातून जनाबाई यायच्या. किडन्या निकामी झालेल्या, म्हणून आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. सुई लावण्याआधी आम्ही पेशंटला काट्यावर उभं करतो. अंगात जादा पाणी नसेल तर जनाबाईंचं वजन साडेएक्केचाळीस किलो भरायला हवं. ते कधीच भरलं नाही. दरवेळी दोन-तीन किलो जास्त, आणि दरवेळी माझी बोलणी.

"काऊन पाणी पेता एवढं, बाई?"

"तहान लागते ना भाऊ. ऊन कसं तापून राह्यलं!"

मोहफुलं पडायला लागली तशी त्या शुक्रवारची पाळी सोडतो म्हणाल्या. "मोह काई थांबते का माह्यासाठी? सोमवारी येतो ना."

"मरायचं आहे का तुमाले?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. त्या मान खाली घालून नुसत्या हसल्या.

शुक्रवारी त्या आल्या नाहीत. सकाळी साडेनऊच्या सुमारास काट्यावर कोणी नसताना आकडा चढला... ४१.५. मी जवळ गेलो, वायर हलवून पाहिली — तसाच. सिस्टरनेही पाहिला. दोन-तीन मिनिटांनी शून्य झाला. काटा बिघडला म्हणून मी तक्रार लिहिली, पण तपासणाऱ्याला काही सापडलं नाही.

सोमवारी त्यांचे यजमान डोमाजीभाऊ एकटेच आले. बाईंची पाळी दुसऱ्या कोणाला द्या, एवढं सांगायला. शुक्रवारी सकाळी मोह वेचता वेचता बाईंना धाप लागली, झाडाखालीच आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

"जाता जाता बोलली," डोमाजीभाऊ म्हणाले. "भाऊनं मले काट्यावर उभं केलं म्हने. वजन बराबर भरलं... आता नाई रागावनार."

मी त्यांना काट्याचं सांगू शकलो नाही.

वायर, बॅटरी, योगायोग... सगळं डोक्यात घोळवून झालं, काहीच पटत नाही. त्या आकड्याचा उलगडा नाही झाला तरी चालेल मला. पण नवरा उशाशी बसलेला असताना, शेवटच्या श्वासाला बाईंना माझी भीती वाटत होती.