पाटीवर उतरलेलं मोर्स

माझं शिक्षण चौथी. तरीही देवगडच्या आमच्या घरात परदेशातून बिनतारी येणारं टकटकीचं मोर्स आठ वर्षं मी उतरवलं. हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण नवऱ्याला ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

नवरा बोटीवर बिनतारी यंत्र चालवायचा. तिथल्या इंजिनांनी त्याचे कान मंद झाले, मग तो नोकरी सोडून घरी आला. सरकारी परवाना काढून त्याने पडवीत हौसेचा सेट मांडला. वीज नव्हती. बॅटरी भरायला एस.टी.च्या टपावरून तळेऱ्याला जायची. संदेश पाठवताना त्याचा हात अजून चालायचा, पण समोरून आलेली बारीक टकटक त्याला ऐकू येईना. तो प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचा; चुलीकडे बसून ते आणि त्याचं डिट-डा, आखूड-लांब आवाज, ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं. एकदा तो चुकला आणि मी आतून ओरडले. त्याने मला इंग्रजी अक्षरांचा तक्ता दिला आणि मुलाची जुनी पाटी दिली. मी पाटीवर अक्षरं लिहायची, तो वहीत उतरवायचा. शब्दांचा अर्थ मला कळत नसे. कोणी आलं की ओल्या फडक्याने पाटी पुसायची, हा घरचा नियम.

"बायलेच्या कानान ऐकता म्हणतीत माका," तो म्हणायचा.

परदेशातून पोचपावतीची रंगीत कार्डं यायची. ती भिंतीवर लागायची. सगळ्यांवर नाव त्याचं.

मुलगा तेव्हा मुंबईला शिकायला होता. साठ सालानंतर तो स्वतःचा परवाना काढून आणि तोंडाने बोलायचा सेट घेऊन आला.

"बाबा, लोक चंद्रार जावक निघाले आणि तुमी अजून सुतारपक्ष्यासारखे टकटक करतास!"

"बोलूक काय, कावळो पण बोलता. आभाळ गडगडला काय तुझो आवाज खंय जाता ता बघ. मोर्स पोचता."

पैज लागली. मुलाचा मुंबईचा मित्र एकच निरोप आधी तोंडाने सांगणार, मग मोर्सने पाठवणार. ज्या सेटवर निरोप पोचेल तो पडवीत राहील, दुसरा माळ्यावर जाईल.

दिवस जूनचा, दुपारची वेळ, आभाळात गडगडाट. मी पाटी घेऊन पडवीत गेले.

मुलगा हसला. "आये, पाटी घेऊन काय शाळेत चललंस? जा, च्या टाक."

मी नवऱ्याकडे बघितलं. "हिका हंय बसांदे," एवढंच त्याने म्हणायचं होतं. तो सेटची बटणं पुसत बसला. मी आत गेले.

मित्राचा आवाज खरखरीत पार बुडाला. मुलाला एक शब्द कळला नाही. मग मोर्स आलं. भिंतीपलीकडे मला एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच अर्थ कळला, कारण त्या पोराने गंमत म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठीच पाठवलं होतं. आंबे संपले का. तीनदा विचारलं त्याने.

पडवीत नवरा कागदावर काहीतरी खरडत होता. मी चहा गाळला. 

"ह्या काय, बाबा?" मुलगा म्हणाला. "कोंबडी चललेली दिसता कागदार!"

आवाज पोचला नव्हता हे खरं, पण आभाळ निवळलं की तो पोचला असता; मोर्स तर नवऱ्याला घेताच आलं नाही, म्हणून मोडीत निघालं ते मोर्स. नवऱ्याने आपला सेट आणि मोर्स ठोकायची चावी जुन्या लुंगीत गुंडाळली आणि स्वतःच शिडी लावून माळ्यावर ठेवली.

पुढच्या आठवड्यात मित्राचं पत्र आलं. मुलाने ते मोठ्याने वाचलं. आंबे संपले का, एवढाच निरोप. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मुलगा बाहेर गेल्यावर त्याने विचारलं, "तुका ऐकाक इल्ला?"

"पयल्याच फेरेक."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुमी हाक मारूक नाय."

 

मुलगा सुटीला यायचा तेव्हा त्या सेटवर इंग्रजीत तासन्‌तास बोलायचा. नवरा कानामागे हात धरून ऐकत असल्यासारखा बसायचा आणि मधूनच मला विचारायचा, "काय म्हणता तो?"

मला इंग्रजी येत नव्हतं. पाटीवर मी तेव्हा मीठ वाळत घालायला लागले होते.